लाईट गेली, हे कोण ठरवतं?

पोस्ट मोठी आहे. निवांत वाचा.

३१ डिसेंबर २०२० ला केंद्र सरकारने वीज ग्राहकांच्या हक्कांचे नियम काढले. तेव्हा सगळीकडे कोरोना आणि लस चालू होती, त्यामुळे बातमी आतल्या पानात गेली. या नियमांत भरपाईबद्दल एक कलम आहे. सेवेचे जे निकष दुरून, यंत्राने तपासता येतात, त्यात वीज कंपनी कमी पडली तर ग्राहकाला भरपाई आपोआप मिळाली पाहिजे. म्हणजे अर्ज नको, हेलपाटे नकोत, रक्कम बिलातून वळती व्हावी. वाचायला छान वाटतं. पण सगळी मेख 'दुरून तपासता येतात' या शब्दांत आहे. यंत्र बसलेलं असेल तर तपासता येणार. आणि ते यंत्र सबस्टेशनला बसवलंय की तुमच्या घरात, ते काय मोजतं आणि त्याचा आकडा कोणाला दिसतो, यावर तुमची लाईट 'गेली' की नाही हे ठरणार.

म्हणून वीज दुरून बघण्याचा इतिहास जरा उकरून काढला. तो आपल्याला वाटतो त्यापेक्षा जुना आहे.

अमेरिकेत शिकागोच्या कॉमनवेल्थ एडिसन कंपनीने १९१२ च्या सुमारास टेलिफोनच्या तारांवरून वीजकेंद्रांचे आकडे मध्यवर्ती कचेरीत आणायला सुरुवात केली. आपल्याकडे टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झालं. वीज घाटाखाली तयार व्हायची आणि मुंबईच्या गिरण्यांत वापरली जायची. त्या दिवसापासून या धंद्यात एक अडचण कायम आहे. वीज साठवून ठेवता येत नाही (आता बॅटऱ्या आल्यात, पण ते अलीकडचं). जेवढी खपते तेवढीच त्या क्षणी बनवावी लागते. मग बनवणाऱ्याला खपणाऱ्याचं काय चाललंय हे कळायला नको?

बरीच वर्षं हे कळायचं फोनवरून. सबस्टेशनचा ऑपरेटर दर तासाला व्होल्टेज, अँपिअर मीटरवर वाचायचा, लॉगशीटवर लिहायचा आणि वर कळवायचा. सरकारी टेलिफोनचा भरवसा नसायचा म्हणून मंडळाने स्वतःचीच सोय केली, विजेच्या तारेवरूनच बोलणं पाठवायचं. मोठ्या सबस्टेशनजवळून जाताना वर तारेला एक जाळीदार पिंपासारखं काहीतरी लटकलेलं दिसतं बघा. त्याला वेव्ह ट्रॅप म्हणतात. बोलण्याचे सिग्नल सबस्टेशनच्या यंत्रात न शिरता नीट फोनकडे वळावेत, एवढंच त्याचं काम. लहानपणी मला ते मधमाश्यांचं पोळं वाटायचं.

नंतर संगणक आले. कळव्याला राज्याचं भारप्रेषण केंद्र, नागपूरला अंबाझरीला त्याची शाखा, अंधेरीला पश्चिम विभागाचं. मोठमोठ्या पडद्यांवर लाईनी दिसायला लागल्या. १ जुलै २००२ पासून पश्चिम विभागात विजेच्या हिशेबाची नवीन पद्धत आली. ठरल्यापेक्षा जास्त ओढलेल्या विजेचा भाव त्या वेळच्या फ्रिक्वेन्सीवर ठरायला लागला. ५० ला फ्रिक्वेन्सी असेल तर देशात वीज पुरेशी आहे, ती घसरली की टंचाई, आणि टंचाईत ओढाल तर महाग. देशात ही पद्धत सगळ्यात आधी आपल्याच विभागात आली. आज ग्रिडची फ्रिक्वेन्सी दशांशाच्या दुसऱ्या स्थळापर्यंत इंटरनेटवर दिसते. तुम्ही-आम्ही कोणीही बघू शकतो.

पण पडदा लावला म्हणजे दिसायला लागलं, असं होत नाही. याची दोन उदाहरणं सांगतो.

पहिलं १४ ऑगस्ट २००३ चं, अमेरिकेतल्या ओहायोचं. तिथल्या फर्स्टएनर्जी कंपनीच्या कंट्रोल रूममधली धोक्याची सूचना देणारी यंत्रणा दुपारी सव्वादोनच्या सुमारास सॉफ्टवेअरच्या दोषामुळे गुपचूप बंद पडली. नुसत्या सूचना यायच्या थांबल्या आणि माणसांना वाटलं, सगळं ठीक चाललंय. बाहेर तापलेल्या लाईनी सैल होऊन झाडांना टेकत होत्या, एकेक ट्रिप होत होत्या. बाहेरून फोन येत होते, पण पडदा तर शांत. दोन तासांत अमेरिका-कॅनडातल्या पाच कोटी लोकांची वीज गेली.

दुसरं आपलं. ३० आणि ३१ जुलै २०१२. पहाटे अडीचला उत्तरेचं ग्रिड पडलं. ते कसंबसं उभं केलं, तर दुसऱ्या दिवशी दुपारी एकला उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तिन्ही ग्रिडं पडली. साठ कोटींच्या आसपास लोक अंधारात. दोन्ही दिवशी सुरुवात झाली बिना-ग्वाल्हेर या ४०० केव्हीच्या लाईनपासून. गंमत म्हणजे लाईनमध्ये बिघाड झालेलाच नव्हता. तिच्यावर भार इतका होता की संरक्षणासाठी लावलेल्या रिलेला तो बिघाडच वाटला आणि त्याने लाईन तोडली. यंत्राने मोजलं बरोबर, अर्थ चुकीचा लावला. आपलं पश्चिमेचं ग्रिड त्यातून वाचलं.

या ग्वाल्हेरचा आणखी एक धागा आहे. ग्रिडच्या नाडीवर बोट ठेवणारं पीएमयू नावाचं यंत्र असतं. दूरदूरच्या ठिकाणचं व्होल्टेज ते उपग्रहाच्या घड्याळाशी जुळवून सेकंदाला कितीतरी वेळा मोजतं, त्यामुळे एकाच क्षणी कुठे काय चाललं होतं ते कळतं. पहिलं असं यंत्र १९८८ मध्ये अमेरिकेत व्हर्जिनिया टेक विद्यापीठात तयार झालं. त्याचे जनक प्रा. अरुण फडके. जन्म १९३८, ग्वाल्हेर. २०१२ मध्ये त्याच ग्वाल्हेरच्या लाईनपाशी देश कोलमडला तेव्हा अशी यंत्रं आपल्याकडे अगदी मोजकी होती. नंतर मात्र देशभर बसवायचा कार्यक्रम निघाला. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर लाईन जोडली आणि दक्षिणेचं ग्रिडही उरलेल्या देशाला जोडलं गेलं. आपल्या सोलापुरातून देशाचं एकच ग्रिड झालं, हे सोलापूरकरांनाही फारसं माहीत नसतं.

ही सगळी मेहनत किती फळाला आली ते ५ एप्रिल २०२० च्या रात्री दिसलं. नऊ वाजता नऊ मिनिटं दिवे बंद करायचं आवाहन होतं. काही मिनिटांत देशाची मागणी सुमारे ३१ हजार मेगावॅटने खाली आली आणि लगेच पुन्हा वर गेली. फ्रिक्वेन्सी ४९.७० ते ५०.२६ च्या आत राहिली. जलविद्युत केंद्रांवरच्या लोकांनी पाणी कमी-जास्त करत ते सांभाळलं. थाळ्या वाजवण्यापेक्षा या लोकांना हार घालायला हवे होते, हे माझं मत.

आता यातलं काय तुमच्या डीपीपर्यंत आलं?

सोलापूर-रायचूर लाईनवर अर्ध्या सेकंदात काय झालं ते अंधेरीत कळतं. तुमच्या वस्तीवरच्या डीपीचा एक फेज तीन दिवस गेलेला असेल तर ते वायरमनला फोन केल्याशिवाय कोणालाच कळत नाही. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत रोजच्या पेपरात वेळापत्रक छापून यायचं, कुठल्या फीडरला किती ते किती. प्रत्यक्ष गावात किती तास लाईट होती हा आकडा छापायला मात्र कोणाकडे नव्हताच. लोक म्हणायचे बारा तास नव्हती, अधिकारी म्हणायचे आठ. दोघांकडे पुरावा सारखाच, म्हणजे काही नाही.

शेतकऱ्याने यावर स्वतःपुरता उपाय कधीच शोधला होता. विहिरीवरच्या खोपीत एक बल्ब लावून ठेवायचा, घराच्या ओट्यावरून दिसेल असा. बल्ब लागला की लाईट आली. माझ्या मते महाराष्ट्रातलं हे पहिलं 'दुरून वीज बघायचं यंत्र'. पुढे मोबाईल आला तेव्हा पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी 'नॅनो गणेश' काढलं. मोटारीच्या स्टार्टरला मोबाईल जोडायचा, घरून फोन लावला की वीज आहे की नाही ते कळतं, मोटार चालू-बंदही होते. २००९ मध्ये नोकिया कंपनीच्या जागतिक स्पर्धेत त्याला बक्षीस मिळालं. आज अशा मोबाईल स्टार्टरची कितीतरी मॉडेलं तालुक्याच्या बाजारात मिळतात. रात्रीच्या पाळीत बिबट्याच्या भीतीने मळ्यात जायचं वाचतं. पण ती माहिती त्या एका शेतकऱ्यापुरतीच राहते, बल्बसारखीच.

पुण्याच्याच 'प्रयास' संस्थेच्या ऊर्जा गटाने यापुढचं पाऊल टाकलं. ही तीच मंडळी, ज्यांनी नव्वदच्या दशकात एन्रॉनचा करार आकड्यांनिशी उघडून दाखवला होता. गिरीश संत, शंतनू दीक्षित ही त्यातली नावं. त्यांनी एक छोटं यंत्र करून घेतलं. ते घरातल्या साध्या प्लगमध्ये लावायचं, ते दर मिनिटाचं व्होल्टेज टिपतं आणि मोबाईलच्या नेटवर्कवरून पुण्याच्या सर्व्हरला पाठवतं. तिथून ते 'वॉच युवर पॉवर' नावाच्या संकेतस्थळावर सगळ्यांसाठी खुलं. २०१४ पासून पुढची काही वर्षं वीसहून जास्त राज्यांत, महानगरांपासून खेड्यांपर्यंत, शेकडो घरांत हे डबे लागले. ग्राहकाच्या बाजूने मोजलेला, तारीख-वेळ असलेला आणि कोणालाही तपासता येणारा आकडा या देशात इतक्या प्रमाणावर पहिल्यांदाच आला.

यात एवढं काय विशेष, असं कोणाला वाटेल. फरक आहे तो यंत्र बसवायच्या जागेचा. कंपन्यांचं मोजमाप बहुतेक करून फीडरपाशी, म्हणजे सबस्टेशनला होतं. फीडर चालू तर सगळा गाव चालू, असा हिशेब. आता डीपी जळाला, जंप तुटली, फ्यूज उडाला, तर फीडर चालूच दिसतो आणि वस्ती अंधारात. वीज किती वेळा गेली, किती वेळ गेली याचे सरासरी निर्देशांक कंपन्यांना जाहीर करावे लागतात. पण काही मिनिटांच्या आतलं जाणं-येणं त्यात धरत नाहीत आणि अनेक राज्यांच्या नियमांत शेतीचे फीडर त्या हिशेबातून वगळलेले किंवा वेगळे काढलेले असतात. शिवाय लाईट असणं वेगळं आणि व्होल्टेज असणं वेगळं. १९५६ च्या जुन्या नियमांपासून कमी दाबाच्या विजेला ६ टक्के वर-खाली एवढीच मुभा लिहिलेली आहे. २४० च्या हिशेबाने २२५ ते २५४. संध्याकाळी सातला १६० वर ट्यूब फडफडत असते तेव्हाही कागदावर पुरवठा सुरळीतच असतो.

मग हे आपल्याला आपल्यापुरतं करता येईल का? इथल्या पॉलिटेक्निकच्या दोन पोरांनी गेल्या वर्षी करून बघितलं. एक छोटा सर्किट बोर्ड, व्होल्टेज मोजायचा सेन्सर, सिमकार्डाचा मॉड्यूल, वर प्लॅस्टिकचा डबा. दोनेक हजारांत काम झालं. फोनवर एक पान उघडायचं, त्यावर आलेख दिसतो. डबा बनवणं सोपं निघालं. डोकं खाल्लं ते बसवण्याने आणि सेटिंगने. ते सगळं इथे लिहितो, कारण कोणी करणार असेल तर उपयोगी पडेल.

पहिल्या घरात आठवडाभर चोवीस तास वीज दिसली. पोरं खुश. मग वायरिंग बघितलं तर तो पॉइंट इन्व्हर्टरवर होता. म्हणजे जागा ठरवताना हे आधी बघायचं. स्टॅबिलायझरच्या पुढचा पॉइंटही नको, तिथे व्होल्टेज सजवलेलं असतं. घराला एकच फेज असतो, त्यामुळे एका डीपीवर किमान तीन घरं हवीत, वेगवेगळ्या फेजवरची. शिवाय फीडरच्या सुरुवातीला एक आणि शेवटच्या खांबाला एक, नाहीतर निम्मी गोष्ट कळतच नाही.

पुढची अडचण अगदी ओहायोची. डब्याकडून काहीच येत नाहीये, तर लाईट गेली म्हणायची की रेंज गेली? लाईट जाते तेव्हा थोड्या वेळाने मोबाईल टॉवरही बसतो, हे खेड्यात राहणाऱ्याला सांगायला नको. म्हणून डब्यात स्वतःची बॅटरी हवी. दर पाच मिनिटांनी त्याने 'मी जिवंत आहे, व्होल्टेज अमुक' असं पाठवायचं. रेंज नसेल तर आत लिहून ठेवायचं आणि आली की पाठवायचं. आणि काहीच आलं नाही तर आलेखात तिथे शून्य काढायचा नाही, रिकामी जागा सोडायची. शून्य म्हणजे लाईट नाही. रिकामं म्हणजे माहिती नाही. हे दोन एक केले की कंपनीचा माणूस पहिल्या पाच मिनिटांत तुमचा सगळा अभ्यास खोटा पाडतो, आणि त्याचं बरोबरच असतं.

घड्याळाचंही तसंच. बॅटरी संपून डबा पुन्हा चालू झाला तर त्याच्या मते आज १ जानेवारी १९७० असते. कॉम्प्युटरवाल्यांचा काळ तिथून सुरू होतो म्हणे. दहा रुपयाच्या बटण सेलवर चालणारं वेगळं घड्याळ लावलं आणि प्रश्न सुटला. सिमकार्डाचं रिचार्ज मात्र प्रत्येकाने विसरायचंच असतं, त्यावर उपाय नाही.

पासवर्ड. असल्या वस्तूंचा पासवर्ड येताना 'अॅडमिन' असतो आणि शंभरात नव्वद ठिकाणी तोच राहतो. यावरून एक मुद्दा. आकडे खुले करा म्हटलं की 'सुरक्षेचा प्रश्न आहे' हे उत्तर तयार असतं. प्रश्न खराच आहे. २३ डिसेंबर २०१५ ला युक्रेनमध्ये हल्लेखोरांनी वीज कंपन्यांच्या संगणकांत दुरून शिरून सबस्टेशनं बंद केली. ऑपरेटरच्या डोळ्यांदेखत पडद्यावरचा माऊस आपोआप फिरत होता. सव्वादोन लाख ग्राहकांची वीज गेली, आणि माणसांनी जागेवर जाऊन हाताने स्विच टाकून ती परत आणली. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली तेव्हाही घातपाताची चर्चा झाली. राज्याने तशी शंका बोलून दाखवली, केंद्राने मानवी चूक म्हटलं. पण बटण दुरून दाबता येणं ही एक गोष्ट, आणि काल तुमच्या फीडरला किती तास वीज होती हे बघता येणं ही दुसरी. दुसरीला कुलूप लावायचं कारण मला पटत नाही. देशाची फ्रिक्वेन्सी सगळ्या जगाला दिसते, आणि आपल्या डीपीचे तास मात्र गुपित?

आता स्मार्ट मीटर. २०२१ च्या केंद्राच्या योजनेत देशभर २५ कोटी बसवायचं उद्दिष्ट आहे. त्यावरून गावोगाव भांडणं चालू आहेत, मोर्चे निघालेत. बिल वाढेल का, प्रीपेड होईल का, जुना मीटर का काढला. हे प्रश्न रास्तच. पण एक गोष्ट कोणी विचारताना दिसत नाही. या मीटरमध्ये अशी सोय ठेवलेली असते की वीज जाताच तो मरता मरता एक निरोप पाठवतो. तंत्रज्ञ त्याला चक्क 'शेवटचा श्वास' म्हणतात, आणि वीज परत आली की 'पहिला श्वास'. तुमच्या घरची वीज कधी गेली, कधी आली, व्होल्टेज किती होतं, हे सगळं तो सांगू शकतो. पुण्याच्या त्या डब्याचं काम आता प्रत्येक घराच्या भिंतीवर आयतं येऊन बसतंय. तुम्ही किती युनिट वापरलीत हे कंपनीला त्यातून कळणार, ते तर पक्कं. कंपनीने किती तास दिली हे तुम्हाला कळणार का? ॲपमध्ये खपाचा आलेख असेल तर त्याच्याच खाली पुरवठ्याचा का नको? आणि सुरुवातीला सांगितलेलं आपोआप भरपाईचं कलम लावायला याहून चांगलं यंत्र कुठलं असणार?

वीज आयोगापुढे दरवाढीची जाहीर सुनावणी होते तेव्हा लोक जातात, पोटतिडकीने बोलतात, त्याची बातमी होते. निकालपत्रात मात्र 'ग्राहकांनी पुरवठ्याबाबत तक्रारी मांडल्या' एवढी एक ओळ उरते. कारण समोरच्याकडे तक्ते असतात आणि आपल्याकडे त्रास असतो.

म्हणून आम्ही काहीजण येत्या पावसाळ्यात हे करून बघतोय. जून ते सप्टेंबर, एक गावठाण फीडर आणि एक शेतीचा फीडर, दहा घरं, दहा डबे. आलेख सगळ्यांना खुला, बदल कोणालाच करता येणार नाही असा. त्याच चार महिन्यांची त्या दोन फीडरची सबस्टेशनमधली लॉगशीटं माहितीच्या अधिकारात मागणार. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून इथेच टाकेन, कंपनीच्या बाजूचं निघालं तरीही. वायरमन लोकांनी अंगावर घेऊ नये. चाळीस गावांना दोन माणसं दिली की काय होतं तेही या आलेखात दिसेलच.

आठ घरं मिळाली आहेत. शेतीच्या फीडरच्या शेवटच्या खांबाजवळची दोन अजून हवीत. रेंज एक कांडी असली तरी चालेल, फक्त इन्व्हर्टर नसलेला पॉइंट पाहिजे. इनबॉक्समध्ये कळवा.